थिजणारे तेल आणि बीजाचा स्वभाव

बीजातले तेल घाण्यात जाण्यापूर्वीच बीजात असते, की घाण्याच्या क्रियेने ते नव्याने अस्तित्वात येते, हा प्रश्न भारतीय दर्शनांतील कार्यकारणविचाराच्या मुळाशी असून सांख्य आणि न्याय-वैशेषिक या परंपरांनी त्याची परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत सत्कार्यवादाची, म्हणजे कार्य हे प्रकट होण्यापूर्वीही आपल्या कारणात सूक्ष्मरूपाने असतेच या मताची, पाच कारणे सांगितली आहेत, आणि ती उलगडताना वाचस्पती मिश्रांनी तत्त्वकौमुदीत दिलेली उदाहरणे घाणा, खळे आणि गोठा यांतली आहेत: तीळ पिळले की तेल बाहेर येते, साळी कांडल्या की तांदूळ बाहेर येतात, गाय दोहली की दूध बाहेर येते. पिळणाऱ्याने, कांडणाऱ्याने वा दोहणाऱ्याने काही नवे घडवलेले नसते. जे झाकलेले होते ते त्याने उघडे केलेले असते. वाळू कितीही रगडली तरी तीतून तेल निघत नाही, कारण ते तिच्यात नाहीच. न्याय-वैशेषिकांचा आरंभवाद याच्या उलट असे मानतो की कार्य हा खरोखरच नवा आरंभ असतो, कारण सुतात वस्त्र आधीच असते तर विणकराची गरज उरली नसती आणि सुताच्या गुंड्या अंगावर घेऊनही थंडीचे निवारण झाले असते.

हा वाद आजच्या इंधनविचारातही जसाच्या तसा उभा राहतो. वनस्पतींच्या बियांच्या तेलापासून डिझेल इंजिनासाठी जे इंधन केले जाते त्याला बायोडिझेल म्हणतात. तेलाच्या रेणूमध्ये ग्लिसरीनला तीन मेदाम्ले, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, जोडलेल्या असतात. मिथेनॉल आणि कॉस्टिक यांच्या साहाय्याने ग्लिसरीन बाजूला काढून त्या साखळ्या मिथेनॉलशी जोडल्या की मिथाइल एस्टर नावाचा पातळ द्रव मिळतो, आणि तेच बायोडिझेल होय. वनस्पतीच्या तेलावर इंजिन चालते ही गोष्ट नवी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. अडचण येते ती थंडीत. तापमान उतरू लागले की या द्रवात प्रथम बारीक स्फटिक धरतात आणि तो धुरकट दिसू लागतो, या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात; आणखी गारवा वाढला की ते स्फटिक गाळणीत अडकून इंजिनाचा पुरवठा तोडतात, आणि शेवटी पोअर पॉइंट गाठला की द्रव वाहायचाच थांबतो. आता थिजण्याचा हा दोष नेमका कोणाचा मानायचा, बीजाचा, हवेचा, की त्या बीजाकडून काम मागणाऱ्याचा, हा प्रश्न रसायनाइतकाच दर्शनाचाही आहे.

तो विचारण्यासाठी उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. पूर्वी सूपा या नावाने ओळखला जाणारा हा तालुका काळी नदीच्या उगमाचा प्रदेश आहे. त्याच्या जंगलाचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात येतो, त्या जंगलात कोकणी-मराठीच्या मिश्र बोलीत बोलणाऱ्या कुणब्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत, आणि बाराव्या शतकातील शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, चळवळीतील चन्नबसवण्णांची समाधी याच तालुक्यातील उळवी येथे आहे. तेलाची बी देणारी झाडे येथे पुष्कळ आहेत, पण त्यांपैकी कोकम आणि करंज या दोन झाडांचा स्वभाव इतका वेगळा आहे की, एकाच जंगलात वाढूनही त्यांची तेले प्रस्तुत प्रश्नाला दोन निराळी उत्तरे देतात.

कोकमाचे फळ फोडून त्याची साल आमसुलांसाठी वेगळी केली की आत उरलेल्या बिया धुऊन उन्हात खणखणीत वाळवतात, त्यांची टरफले काढून आतला गर कुटतात, तो कूट पाण्यात बराच वेळ उकळतात आणि वर आलेला तवंग निवू देतात. निवता निवता तो मेणासारखा घट्ट होतो, आणि पुरता घट्ट होण्यापूर्वी त्याचे मुठीत दाबून गोळे केले जातात. अशा गोळ्यावर चार बोटांचे खोलगट ठसे उमटलेले असतात, आणि मुठीशी असलेले हे नाते कोकण-गोव्याकडच्या मुठेल या त्याच्या नावातच राहिले आहे. हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या की हाच गोळा दिव्याच्या उबेवर धरून, वितळलेला थेंब भेगेत सोडतात. तो आत जाऊन पुन्हा घट्ट होतो आणि भेग बुजवून धरतो. कोकमाच्या या मेदाच्या निम्म्याहून अधिक भाग स्टिअरिक नावाच्या मेदाम्लाचा असतो, आणि औषध म्हणून त्याची जी योग्यता आहे ती सगळी त्याच्या थिजण्यातच आहे.

तेच स्टिअरिक आम्ल मिथाइल एस्टरच्या रूपात सुमारे ३९ अंश सेल्सिअसलाच घट्ट होते, तर ओलेइक नावाच्या मेदाम्लाचे मिथाइल एस्टर उणे २० अंशांच्या आसपास जाईपर्यंत द्रव राहते, आणि विशेष म्हणजे दोन्ही साखळ्यांत कार्बनचे अणू सारखेच, म्हणजे अठरा, असतात. फरक आकाराचा आहे. स्टिअरिकची साखळी संपृक्त, म्हणजे कोठेही दुहेरी बंध नसलेली, म्हणून सरळ असते, तर ओलेइकच्या साखळीत मधोमध एका दुहेरी बंधामुळे बाक आलेला असतो. जंगलातून लाकडे आणणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधली जाते आणि वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी पोकळ राहते. थंडी म्हणजे येथे मोळी आवळणारी दोरी, आणि सरळ साखळ्या तिच्या हाती लवकर लागतात. करंजाच्या तेलात जवळजवळ निम्मा भाग ओलेइकचा असल्याने ते साध्या हवेत वाहते राहते, जरी त्यातल्या काही लांब, सरळ साखळ्या गारवा वाढताच आधी घट्ट होऊ लागतात.

वैशेषिकांनी मानलेल्या चोवीस गुणांत द्रवत्व आणि स्नेह हे दोन स्वतंत्र गुण आहेत, आणि सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात द्रवत्वाचे जे दोन प्रकार सांगितले आहेत ते या ठिकाणी फार उपयोगी पडतात. पाण्याचे द्रवत्व सांसिद्धिक, म्हणजे त्याचे स्वतःचे. पण तुपासारख्या पार्थिव द्रव्याचे द्रवत्व नैमित्तिक, म्हणजे अग्नीच्या संयोगासारख्या बाहेरच्या निमित्ताने आलेले आणि निमित्त सरले की जाणारे. बर्फ पाहणाऱ्याला पाण्याबद्दलचे पहिले विधान खटकेल, आणि नैयायिकांनाही त्याचा खुलासा करावा लागला. पण तुपाबद्दलचे विधान निरंजनात रोज खरे ठरते. थंडीच्या पहाटे देवापुढे लावलेल्या निरंजनात फुलवातीभोवतीचे तूप आधी करंगळीएवढ्या वर्तुळात वितळते, कडेचे तूप पांढरे आणि घट्ट राहते, आणि ज्योत जसजशी स्थिर होते तसतसे ते वर्तुळ रुंदावत जाते. दिव्याची ज्योत आपले इंधन स्वतःच वितळवून घेते. इंजिनात ज्योत आणि टाकी यांच्यामध्ये नळी आणि गाळणी येतात, पेट घेण्याआधीच तेल वाहिले पाहिजे अशी अट पडते, आणि म्हणून निरंजनाला जे चालते ते इंजिनाला चालत नाही. स्नेहाविषयीचा एक खुलासाही या संदर्भात नोंदवण्याजोगा आहे: स्नेह हा जलाचाच गुण मानला तर तेलाने अग्नी विझायला हवा, या आक्षेपाला न्यायसिद्धान्तमुक्तावलीत असे उत्तर मिळते की, तेलातला स्नेह उत्कृष्ट असल्यामुळे तो ज्वलनाला अनुकूल होतो. आजच्या रसायनाला ही उपपत्ती मान्य होणार नाही. परंतु वाहणे आणि जळणे हे तेलाचे दोन वेगळे धर्म आहेत आणि त्यांचा मेळ कसा बसतो हे सांगावे लागते, ही जाण त्या ग्रंथकारांना होती, आणि बायोडिझेलची सगळी अडचण नेमकी त्या मेळाचीच आहे.

ही अडचण दूर करण्याचे जे मार्ग आहेत त्यांची विभागणी जुन्या दोन वादांप्रमाणेच होते. काही मार्ग बाहेरून निमित्त पुरवतात: टाकी गरम ठेवणे, खनिज डिझेलात थोडेच बायोडिझेल मिसळणे, स्फटिक वाढू न देणारी रसायने घालणे, किंवा तेल मुद्दाम थंड करून घट्ट झालेला भाग गाळून टाकणे, ज्यात मालाचा एक हिस्सा वाया जातो. दुसरा मार्ग सांख्यांच्या रीतीचा आहे, आणि तो असा की जो गुण हवा आहे तो ज्याच्यात मुळातच आहे असे बीज शोधावे. एरंडाच्या तेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक नावाचे मेदाम्ल असते आणि त्याचे एस्टर शून्याच्या खूप खालीही वाहते, म्हणून ते इतर बायोडिझेलात मिसळून थिजण्याचा बिंदू खाली आणता येतो. मात्र एरंडाचे तेल मूळचेच इतके दाट असते की केवळ त्याच्यावर इंजिनाचे भागत नाही. बाक असलेल्या साखळ्या अधिक असणारे तेल घ्यावे तर ते थंडीत टिकते, पण तोच दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला बळी पडतो आणि तेल लवकर खवट होते. थंडीत वाहण्याचा गुण आणि साठवणीत बिघडण्याचा दोष एकाच बंधातून निघतात, ही गोष्ट गुणदोषांच्या कोणत्याही विचाराने गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

या कोंडीतून वाट दाखवली ती कुफिया नावाच्या अमेरिका खंडातील रानटी झुडपाने. त्याच्या बियांतील तेलात दहा कार्बनांच्या आखूड, संपृक्त साखळ्या मुबलक असतात. त्या आखूड असल्याने थंडीत सहज जुळत नाहीत आणि संपृक्त असल्याने दुहेरी बंधाइतक्या लवकर बिघडत नाहीत. अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे ६५ टक्के असे आम्ल असणाऱ्या कुफियाच्या बायोडिझेलचा क्लाउड पॉइंट उणे नऊ ते दहा अंश आणि पोअर पॉइंट उणे २१ ते २२ अंश आढळला, तर सोयाबीनच्या बायोडिझेलचा क्लाउड पॉइंट शून्याच्या आसपास आणि पामतेलाच्या बायोडिझेलचा सुमारे १५ अंश असतो. येथपर्यंत सत्कार्यवादाचा विजय झाला असे वाटते, कारण संशोधकांनी गुण घडवला नाही, तो जेथे होता तेथून घेतला. परंतु कुफियाची बी पिकली की तिचे बोंड फुटते आणि बी जमिनीवर उधळली जाते, त्यामुळे पीक म्हणून ते झुडूप शेतकऱ्याच्या हाती लागत नाही; म्हणून बी काही अंशी धरून ठेवणारे वाण दोन जातींच्या संकरातून तयार करावे लागले, आणि अभ्यासासाठी वापरलेले वाण त्यांपैकीच आहे. तेल बीजात होतेच, हे खरे. पण ते माणसाला मिळावे म्हणून बीज उधळण्याचा झाडाचा स्वभाव मोडावा लागला, आणि हा भाग सांख्यांच्या उदाहरणांत येत नाही. तिळातले तेल पिळणाऱ्यासाठी तिळात आलेले नसते. उगवणाऱ्या अंकुराला पाने फुटेपर्यंतची ती शिदोरी असते.

येथे धर्मविचाराचा दुसरा आणि अधिक नाजूक पदर पुढे येतो. स्वभाव ओळखून काम द्यावे हे तत्त्व बीजांच्या बाबतीत शहाणपणाचे आहे, पण गीतेच्या अठराव्या अध्यायातील स्वभावनियत कर्माच्या कल्पनेचा आधार घेऊन माणसांची कामे जन्मावरून ठरवण्याचे समर्थन शतकानुशतके केले गेले. ज्या उळवीत चन्नबसवण्णांची समाधी आहे, ती शरणांची शेवटची आश्रयभूमी ठरली ती नेमकी याच प्रश्नावरून: परंपरेनुसार कर्नाटकातल्या कल्याणमध्ये चर्मकार हरळय्या यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातील मधुवरस यांची मुलगी यांचा विवाह झाला, त्यातून राजकोप ओढवला आणि शरणांना कल्याण सोडावे लागले. शरणांनी कायक, म्हणजे कष्टाचे काम, पवित्र मानले, परंतु ते जन्माने बांधलेले मानले नाही. शरणांच्या वचनांत बीजात दडलेल्या वृक्षाची उपमा परमतत्त्वासाठी येते, आणि प्रत्येकात तेच बीज असेल तर कोणाच्या कुळावरून त्याचे काम ठरवण्याला आधार राहत नाही. म्हणून जोयड्याच्या जंगलातील बियांवर इंधनाची योजना आखताना, कुणबी हे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिले, सबब बी वेचणे हेच त्यांचे स्वाभाविक काम, असा हिशेब जर कोणी मांडत असेल, तर तो उळवीच्या दारातच खोटा ठरतो.

बीज कोणाचे, या प्रश्नाचे जोयड्यातले जुने उत्तर देवराईत आहे. गावाने देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालत नाही, आणि देवराई जेथे कडकपणे पाळली जाते तेथे पडलेली काटकीही बाहेर नेत नाहीत. पडलेली काटकीसुद्धा का नेऊ नये, याचे कारण आधुनिक मनाला लवकर पटत नाही, कारण पडलेल्या वस्तूवर कोणाचाच दावा नसतो असे त्याला वाटते. परंतु पडलेली बी ही टाकलेली वस्तू नसून पुढच्या पावसासाठी ठेवलेली वस्तू आहे, ती खारीची, साळिंदराची आणि मातीचीही आहे, आणि देवाची मालकी मानणे म्हणजे या न बोलणाऱ्या सर्व दावेदारांचा हक्क एका नावाखाली राखून ठेवणे होय. ही मालकी विसरल्यावर काय होते हे याच जिल्ह्याने पाहिले आहे: कोकमाच्याच कुळातील उप्पगे या झाडाच्या फळांच्या सालीला १९९० च्या दशकात परदेशी बाजारात भाव आला तेव्हा कच्ची फळे उतरवली गेली, फांद्या छाटल्या गेल्या, आणि पावसाळ्यात साल वाळवण्यासाठी जंगलाचेच लाकूड जाळले गेले. मागणी दूरची होती आणि झाड जवळचे होते.

जोयड्याने ऊर्जेसाठी यापूर्वीच दिलेले दानही लहान नाही. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या पाण्याखाली सूपा हे गाव गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली, आणि त्या पाण्यावर होणारी वीज दूरदूरच्या शहरांत गेली. त्यागाने भोगावे असे उपनिषद सांगते, पण त्याग एकाने करायचा आणि भोग दुसऱ्याने घ्यायचा ही त्या उपदेशाची वाटणी नव्हे.

या सगळ्यावरून थंडीच्या प्रश्नाकडे परत पाहिले तर असे दिसते की, तेलाचे द्रवत्व नैमित्तिक असेल, तर देश आणि काळ हेही त्याचे निमित्त आहे. उष्ण प्रदेशातील झाडांच्या तेलांत सरळ साखळ्या जास्त आणि थंड प्रदेशातील झाडांच्या तेलांत बाक असलेल्या साखळ्या जास्त, असा निसर्गाचा सर्वसाधारण कल आहे, कारण बीजाला आपल्याच हवेत आपले तेल वापरायचे असते. पामतेल उष्ण कटिबंधातून युरोपच्या हिवाळ्यात नेले की ते थिजते आणि मग तो त्याचा दोष म्हणून नोंदवला जातो, वास्तविक ते जेथे वाढले तेथे दोषाचा प्रश्नच उद्भवला नसता. हिमालयातल्या वाहनांना किंवा लष्कराच्या ठाण्यांना थंडीत वाहणारे इंधन लागते ही गरज खरी आहे आणि त्यासाठी एरंड, मोहरी, कुफिया यांसारख्या बीजांवर शेतात संशोधन व्हायलाच हवे. भारताच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलात पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि ते गाठायचे तर असे संशोधन टाळता येणार नाही. पण त्या उद्दिष्टाचे ओझे पश्चिम घाटातल्या रानावर टाकणे अन्यायाचे होईल.

करंजाच्या बाबतीत मात्र एक चांगली वाट आधीच मळलेली आहे. करंजाला कन्नडमध्ये होंगे म्हणतात, आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस होंगेच्या तेलावर डिझेल जनित्रे चालवून, कर्नाटकातल्या खेड्याला आपल्याच बांधावरच्या झाडांवर पाणी उपसता येते हे दाखवून दिले. कडू असल्याने हे तेल खाण्याच्या तेलाशी स्पर्धा करत नाही, त्याची पेंड शेताला खत होते, आणि जोयड्याच्या हवेत ते वाहते ठेवण्यासाठी टाकी तापवण्याची किंवा परदेशी रसायनाची गरज पडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर वनवासी समाजाची मालकी मान्य केली आहे. तेव्हा करंजाची लागवड बांधावर आणि पडीक जमिनीवर करावी, देवराईतली बी देवराईतच राहू द्यावी, घाणा तालुक्यातच बसवावा, आणि त्या तेलावर पहिला हक्क वाडीतल्या पाण्याच्या पंपाचा आणि भाताच्या गिरणीचा मानावा. कोकमाच्या बीचे तेल इंजिनासाठी कोणी मागू नये. ते थिजणारे आहे, आणि जोयड्यात शेतावर अनवाणी जाणाऱ्या माणसांच्या टाचांना हिवाळ्यात अजूनही भेगा पडतात.